'आम्ही', 'आपण' आणि 'नावु'

सप्टेंबर २०२३ मधली गोष्ट. १५ सप्टेंबरला, आंतरराष्ट्रीय लोकशाही दिनी, कर्नाटकातल्या सगळ्या शाळा-कॉलेजांत राज्यघटनेची उद्देशिका सर्वांनी मिळून वाचायची, असा सरकारचा निर्णय आला होता. आमची शाळा निपाणीजवळच्या एका खेड्यातली, सरकारी, मराठी माध्यमाची. समोरच कन्नड शाळा. आवार एक, पाण्याची टाकी एक, दुपारचं स्वयंपाकघरही एकच.

त्या दिवशी दोन्ही शाळांची मुलं आवारात एकत्र उभी राहिली. आधी आमच्या मुलांनी मराठीतून उद्देशिका वाचली, मग समोरच्यांनी कन्नडमधून. टाळ्या झाल्या, मुलं वर्गात आली. मी हजेरी घेत होते, तेवढ्यात चौथीतली एक मुलगी उठून उभी राहिली.

"बाई, आपल्यात 'आम्ही' हाय, त्यांच्यात 'नावु' हाय. मग आपल्या 'आम्ही'त ती पोरं येत्यात का न्हाईत?"

मी हजेरीपट मिटला. ३० वर्षांहून जास्त नोकरी झाली होती, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मलाही कधी पडला नव्हता.

वाचकहो, जरा बोलून बघा. "आम्ही जेवायला निघालो" म्हटलं की ऐकणाऱ्याला त्यात जागा नाही. "चला, आपण जेवू" म्हटलं की त्याचंही पान मांडलेलं असतं. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत. कन्नडमध्ये दोन्हींसाठी एकच 'नावु'. आमच्या सीमाभागातली मुलं दोन्ही भाषा कानावर घेत वाढतात, म्हणून त्या चिमुरडीला हा फरक बरोबर जाणवला.

तिला मी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते. त्याआधी मला माझ्या नोकरीच्या सुरुवातीची एक गोष्ट सांगायची आहे. ती फारशी अभिमानाची नाही.

'माझी तायी'

आमचा भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. निपाणी तंबाखूचं गाव. वखारी आणि घरोघरी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या बायका, हे मी लहानपणापासून पाहत आले. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि बेळगाव, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. पुढे त्याचं कर्नाटक झालं. २०१४ पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी आहे. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. सीमारेषा मात्र आमच्या अगदी पायात घोटाळते. निपाणीची मुलं ज्या देवचंद कॉलेजात शिकायला जातात ते अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. घर एका राज्यात आणि कॉलेज दुसऱ्या, हे आमच्याकडे कुणालाच नवल वाटत नाही.

मी १९९० साली नोकरीला लागले. दोन-तीन वर्षांनंतरची गोष्ट. माझ्या चौथीच्या वर्गात कन्नड घरातला एक मुलगा होता. आई बिड्या वळायची. वस्ती आमच्या शाळेला जवळ, शेजारची पोरं मराठी शाळेत जाणारी, म्हणून तिने त्यालाही आमच्याकडे घातलं होतं. पोरगं शांत, अक्षर मोत्यासारखं. मी 'माझी आई' हा निबंध दिला. त्याने वर शीर्षक लिहिलं, 'माझी तायी'.

घरी तो आईला 'अव्वा' म्हणायचा. पण निबंध म्हणजे काहीतरी चांगलं लिहायचं, म्हणून त्याने कन्नडच्या पुस्तकातला नीटनेटका शब्द वापरला होता. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. हे मला आज कळतं. त्या दिवशी मी लाल शाईने रेघ मारली आणि वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं, "अरे, ही आई आहे का ताई?" वर्ग खो-खो हसला. मीही हसले. त्यानंतर मधल्या सुट्टीत पोरं त्याला 'ताई, ताई' करून चिडवू लागली.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. चौथ्या दिवशी त्याची आई आली. बोटांना तंबाखूचा वास, पदर डोक्यावरून घेतलेला. भांडायला आली असेल असं वाटलं, पण ती दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, पोरगं काय चुकलं असंल तर मारा. पण त्याला हसू नका."

मी तिची समजूत घातली, उद्या पाठवा म्हटलं, आणि विषय संपला असं धरून चालले. आमच्या मुख्य गुरुजींना मात्र ते पटलं नाही. त्यांनी विचारलं, "पोराला काय म्हणालीस?"

"उद्या आला की बाजूला घेऊन समजावीन."

"चूक सगळ्या वर्गासमोर केलीस ना? मग माफी बाजूला घेऊन कशी?"

मला राग आला. चौथीतल्या पोराची, तीही वर्गासमोर, बाईंनी माफी मागायची? मग वर्ग ताब्यात कसा राहणार? रात्रभर झोप नाही. सकाळी प्रार्थना झाल्यावर मी वर्गात म्हटलं, "कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. ते मला माहीत नव्हतं. मी हसले, ती माझी चूक. मला माफ कर." त्या पोरानं मान वर केली नाही. पण वर्ग असा चिडीचूप झाला की तसा माझ्या छडीनेही कधी झाला नव्हता. त्यानंतर 'ताई' म्हणून त्याला कुणी चिडवलं नाही.

मूल्यशिक्षणाचा माझा पहिला धडा हाच. तो मी दिला नाही, मला मिळाला. दुसऱ्याचा मान राखायचा असतो हे मूल ऐकून शिकत नाही. मोठं माणूस आपल्याहून लहानाचा, गरिबाचा, वेगळं बोलणाऱ्याचा मान राखताना दिसलं, तरच शिकतं.

शब्दांची सोयरीक

त्या प्रसंगानंतर मी वर्गात एक फळा टांगला. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला कन्नड. मुलांनी घरून, बाजारातून शब्द आणायचे. तूप आणि तुप्प. अक्का इकडेही, तिकडेही. अण्णा, अप्पा दोन्हीकडे. समोरच्या शाळेतली मुलं तर मला 'अक्कोरे' म्हणायची, म्हणजे आदराने अक्का. काही शब्द फसवे निघायचे. ताई आणि तायी तर होतेच. अलीकडे त्यात आणखी एकाची भर पडली. महिन्यातून एक शनिवार मुलांनी दप्तराविना शाळेत यायचं, त्याला सरकारने नाव दिलं 'संभ्रम शनिवार'. आमचे पालक घाबरून विचारायला आले, "बाई, शनिवारी काय गोंधळ हाय?" कन्नडमध्ये संभ्रम म्हणजे आनंदसोहळा! त्या दिवशी समोरच्या मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. एकमेकांच्या भाषेला हसण्यापेक्षा दोघांनी मिळून हसणं किती वेगळं असतं, ते मुलांनी तेव्हा पाहिलं.

परप्रांतातल्या भाषा शिकून माणसं जवळ यावीत, हे साने गुरुजींचं 'आंतरभारती'चं स्वप्न होतं. आमच्या मुलांना त्यासाठी परप्रांतात जायची गरज नाही, ती आयतीच दोन भाषांच्या उंबरठ्यावर बसली आहेत. आणि ही सोयरीक काही आजची नाही. पंढरीच्या विठ्ठलाला ज्ञानेश्वरांनी 'कानडा' म्हटलंच आहे.

पंगत

दुपारच्या जेवणाच्या योजनेला कर्नाटकात 'अक्षर दासोह' म्हणतात. दासोह हा बसवण्णांच्या शरण परंपरेतला शब्द. आपल्या कष्टाचं सर्वांसोबत वाटून खायचं, हा त्यातला भाव. नाव इतकं सुंदर, आणि त्याच पंगतीत मला दुसरा धडा मिळाला.

दुसरीतली एक मुलगी रोज ताट घेऊन भिंतीकडेला एकटी बसायची. महिनाभर मला वाटत होतं, तिला सावली आवडते. एकदा शेजारी बसून विचारलं तेव्हा म्हणाली, "आज्जीनं सांगितलंय, लांब बस. कुणी काय बोलायला नको." कुणी तिला हाकललं नव्हतं. आज्जीनं आयुष्यभर जे सोसलं होतं, ते नातीला सोसावं लागू नये म्हणून तिने तिला आधीच बाजूला काढलं होतं.

मी भाषण दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या सुरू केल्या. प्रत्येक चित्राच्या दोन चिठ्ठ्या, मोर, बैल, ऊस, पतंग. ज्यांना एकच चित्र येईल त्यांनी शेजारी बसायचं. आम्ही शिक्षकही चिठ्ठी उचलायचो. वाढायची पाळी सगळ्यांना, ताटं धुवायची पाळी सगळ्यांना, मुलग्यांनासुद्धा. एका पालकाने नाराज होऊन मुलाला घरचा डबा द्यायला सुरुवात केली. आठवडाभरात तो मुलगाच कंटाळला. एकट्यानं डबा खायचा आणि शेजारी मोर-मोर, बैल-बैल ओरडा चाललेला! डबा बंद झाला. वडील पुढे कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत. तेही खरं आहे, सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही.

त्या आठवड्यात मुलांना मी आपल्याच भागातल्या तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची. १९१७ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि १९१९ मध्ये अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळेत बसवायचा हुकूम काढला. दुसरी, १९२४ च्या बेळगाव काँग्रेसची. गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. तिथे गांधीजींसमोर ११ वर्षांची एक मुलगी गायली, पुढे जगाला माहीत झालेल्या गंगूबाई हनगल. गाणं झालं, पण जेवणाच्या पंगतीनंतर आपल्याला उष्टी काढायला तर लावणार नाहीत ना, ही धास्ती त्या वेळी मनात होती, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. तिसरी गोष्ट निपाणीची. एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद आपल्या निपाणीत भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे बोलले. आपण रोज वाचतो ती राज्यघटना घडवणारा माणूस आपल्या गावात येऊन गेला, याचं मुलांना फार अप्रूप वाटलं.

भिंतीकडेला बसणाऱ्या मुलीने गंगूबाईंची गोष्ट ऐकून एकच विचारलं, "मग त्यांनी उष्टी काढली?" मी म्हटलं, "नाही गं." ती म्हणाली, "बरं झालं." दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या टाकायचं काम तिने स्वतःहून मागून घेतलं.

१ नोव्हेंबर

सगळ्यात अवघड दिवस हा. कर्नाटकात या दिवशी राज्योत्सव असतो, लाल-पिवळे झेंडे लागतात. सीमाभागातल्या कितीतरी मराठी घरांत १९५६ पासून हा काळा दिवस म्हणून पाळला जातो. मुलं दोन्हीही पाहतात.

एका वर्षी २ नोव्हेंबरला पाण्याच्या टाकीजवळ दोन मुलांची मारामारी झाली. एक आमचा, एक समोरच्या शाळेतला. एकाचा सदरा फाटला, दुसऱ्याचा ओठ फुटला. समोरचे मास्तर आणि मी, दोघांनी त्या दोघांना पायरीवर बसवलं. नियम एकच ठेवला. आधी एकानं सांगायचं, काल तुमच्या घरी काय झालं. दुसऱ्यानं मधे बोलायचं नाही. मग त्यानं जे ऐकलं ते आपल्या तोंडून सांगायचं, आणि पहिला "बरोबर" म्हणाला तरच आपलं बोलायचं.

आमच्या मुलानं सांगितलं, आजोबा दंडाला काळी फीत बांधून गेले, संध्याकाळी जेवले नाहीत. समोरच्यानं सांगितलं, वडिलांनी सायकलला झेंडा लावला, मला पुढे बसवून गावभर फिरवलं. पहिल्यांदा दोघांनाही दुसऱ्याचं नीट सांगता आलं नाही. दोन-तीनदा "चूक, चूक" झालं. मग समोरचा म्हणाला, "ह्याचे अज्जा जेवले न्हाईत." आमचा म्हणाला, "ह्याला सायकलवर मजा आली." दोघंही "बरोबर" म्हणाले. मारामारीचं कारण मिटलं का? नाही. पण दंडावरच्या फितीमागे एक उपाशी आजोबा आहेत आणि झेंड्यामागे सायकलवरचा एक बाप आहे, हे दोघांना कळलं.

नंतर आमच्या मुलाचे काका शाळेत आले. "बाई, पोराला मवाळ कशाला करताय? आमचा लढा हाय."

त्यांना मी जे सांगितलं, ते आजही माझं मत आहे. आपली मुलं आपल्या भाषेत शिकावीत हा आपला हक्क आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं राज्यघटनेच्या ३५० क या अनुच्छेदात लिहिलं आहे, आणि तो अनुच्छेद ज्या १९५६ साली आपण सीमेपलीकडे राहिलो त्याच साली घातला गेला. तो हक्क जरूर मागा, ठामपणे मागा. पण त्याच राज्यघटनेत १९७६ साली आलेला ५१ क आहे. त्यात नागरिकाची कर्तव्यं आहेत, आणि धर्म, भाषा, प्रांत यांच्या पलीकडे जाऊन बंधुभाव वाढवणं हे त्यातलं एक. पोरगं मवाळ झालेलं नाही, त्याला समोरच्याचं ऐकता यायला लागलं आहे. हक्क मागणाऱ्याला ते आधी यावं लागतं.

काकांना पटलं की नाही, माहीत नाही. पण पोराला शाळेतून काढलं नाही.

महाराष्ट्रातही याच वाटेने काम झालं आहे. २००९ मध्ये शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू केलं आणि नंतर ते इतर जिल्ह्यांतही गेलं. राज्यघटनेतली मूल्यं उपदेशाने नव्हे, तर जोडीने, गटाने करायच्या कृतींतून मुलांपर्यंत न्यायची, ही त्याची पद्धत. सीमेपलीकडच्या माझ्या एका शिक्षक मैत्रिणीने मला ती दाखवली, तेव्हा आपली चिठ्ठ्यांची पंगत आठवून बरं वाटलं. २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून महाराष्ट्रातल्या शाळांतही उद्देशिका वाचतात. राज्यं दोन असली तरी सकाळी मुलांच्या तोंडी शब्द तेच आहेत, न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता.

कोगनोळीपर्यंत

डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पुन्हा तापला. गाड्यांवर दगड पडले, महाराष्ट्राच्या एसटीने कर्नाटकात येणाऱ्या गाड्या थांबवल्या. नेमकं त्याच आठवड्यात माझ्या यजमानांना डोळ्याच्या ऑपरेशननंतर कोल्हापूरला दाखवायला न्यायचं होतं. काय करावं या विचारात असताना दारात रिक्षा थांबली. तोच, 'माझी तायी'वाला. आता चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. कुणाकडून तरी त्याला कळलं होतं.

"बाई, कोगनोळी नाक्यापर्यंत मी सोडतो. पुढं तिकडची गाडी मिळंल. संध्याकाळी फोन करा, न्यायला येतो."

वाटेत मी त्याला विचारलं, "आई कशी आहे?" तो आरशातून बघत हसला आणि म्हणाला, "तायी बरी हाय, बाई." ३० वर्षं त्याने ते विसरलेलं नव्हतं. मीही नव्हते. पण आता ते आम्हा दोघांचं होतं. भाडं घेतलं नाही.

आता त्या चौथीतल्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. मी तिला म्हटलं, "या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच शोधा." दोन दिवस वर्गात खल चालला. एक मुलगा म्हणाला, 'आम्ही'च्या जागी 'आपण' लिहू. दुसरा म्हणाला, राज्यघटनेत खाडाखोड करायची नसते. शेवटी तीच म्हणाली, "बाई, आपण समद्यांनी एकदम वाचलं की कुणी बाहेर उरतंच न्हाई. मग 'आम्ही' म्हणलं तरी चालतंय."

मला वाटतं, आपल्याला दोन्ही शब्द लागणार आहेत. आपली भाषा, आपली शाळा, आपला हक्क यांच्यासाठी 'आम्ही' हवं. आणि ज्यांच्या शेजारी जगायचं आहे त्यांच्यासाठी 'आपण' हवं. मराठीत समोरच्याला मान देतानाही आपण 'आपण'च म्हणतो, ही आपल्या भाषेची केवढी श्रीमंती!

शाळा दिवसाचे सहा तास, बाकीचं घर. म्हणून आपल्या मंडळातल्या आईबाबांना, आजीआजोबांना एवढंच सांगणं. मुलांसमोर दुसऱ्याच्या बोलीला हसू नका. कामाला येणाऱ्या मावशींना मुलांनी अहो-जाहो करावं, यासाठी आधी आपण करा. आणि मुलासमोर चूक केली असेल तर माफी त्याच्यासमोरच मागा. वचक जात नाही, मी करून पाहिलं आहे.

आमचा शब्दांचा फळा अजून शाळेत आहे, आणि त्यावर पुष्कळ जागा शिल्लक आहे. तुमच्या घरात, शेजारात असे दोन भाषांतले सोयरे शब्द असतील तर मंडळाकडे जरूर पाठवा. मी ते मुलांपर्यंत पोचवीन.